काका, ती चिप कालची होती

प्रिय काका,
सा. न.

थिसिसच्या आभारांत तुमच्यासाठी दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या पुरेनात, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

मुंबई हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र सापडलं १९७४ साली. अजूनही समुद्राखालचं तेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तळंच येतं. प्रत्यक्षात तिथे तेल असतं चुनखडीच्या दगडात, बारीक बारीक छिद्रांत. पाणी दाबून ते बाहेर ढकलायला गेलं, तरी बरंचसं आतच अडकतं. आत काय घडतं ते दगडातून दिसत नाही. म्हणून दगडाच्या पातळ कापावरून त्या वाटा पारदर्शक चिपवर उतरवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली तेल-पाण्याची झटापट बघायची, हे माझं काम.

चिप पीडीएमएसची, म्हणजे सिलिकॉन रबराची. दहाला एक हार्डनर घालायचं, बुडबुडे काढून साच्यावर ओतायचं, ओव्हनमध्ये घट्ट झालं की सोलायचं, प्लाझ्मा, म्हणजे विजेने चेतवलेला वायू, देऊन काचेवर चिकटवायचं. सहा महिने मी हेच केलं. साचा तोच, सिरिंज पंपाचा वेग तोच, आणि निकाल मात्र रोज वेगळा. कधी पाणी भिंतींना धरून सरकायचं आणि तेलाचे मणी तोडायचं. कधी मधूनच बोटं काढत पुढे जायचं आणि मागे तेलाची बेटं सोडायचं. पंप बदलला, रंग बदलला. शेवटी माझ्या हातावरचाच माझा विश्वास उडाला.

त्या संध्याकाळी तुम्ही लॅबचा ओव्हन बंद करायला आलात, स्क्रीनकडे बघत उभे राहिलात आणि विचारलंत, "ही चिप आजची का कालची?"

माझ्या वहीत पंपाचा वेग दशांशापर्यंत होता. चिप कधी केली ते नव्हतं. ते होतं तुमच्या ओव्हनच्या रजिस्टरमध्ये, निळ्या शाईत, तारीख आणि वेळेसकट. दोन संध्याकाळी तुम्ही वाचत गेलात आणि मी जुळवत गेले. प्लाझ्मा दिल्यावर रबर पाण्याला जवळ करतं, पण काही तासांत ते हळूहळू पुन्हा पाणी झटकायला लागतं. हे मी वाचलेलं होतं. स्वतःच्या प्रयोगात ते ओळखलं तुम्ही.

मग असं बदलणाऱ्या रबराऐवजी काचेच्या चिपा आल्या. हायड्रोफ्लोरिक आम्लाने काच कोरताना तुम्ही मला एकदाही एकटं सोडलं नाहीत. आम्ल अंगावर उडालं तर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आधी टेबलावर, मगच बाटली उघडायची. काचेला काच जोडायला भट्टी ६५० अंशांच्या आसपास नेऊन ती रात्रभर हळूहळू निवू द्यायची, घाई केली की काच तडकते, हेही तुमच्याकडूनच कळलं.

आणि तो दिवस आठवतो ना? अरुंद गळ्याशी येऊन पाण्यात शिरणारं तेल थबकलं होतं. तुम्ही आयपीसला डोळा लावून म्हणालात, "दबा धरून बसलंय." पुढच्याच क्षणी त्याने पलीकडच्या छिद्रात उडी घेतली. हेन्स नावाच्या संशोधकाने १९३० मध्ये वर्णन केलेली ती उडी, डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारी. तुम्ही कितीतरी वेळ बाजूला झाला नाहीत.

आता लॅबमध्ये प्रत्येक चिपच्या पाठीवर तारीख आणि वेळ लिहिलेली असते. नवीन मुलांना सांगावंही लागत नाही.

पुढच्या महिन्यात माझा व्हायव्हा आहे. काकूंना घेऊन या. मायक्रोस्कोप लावून ठेवते, चिप सकाळीच भरते.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची