जांभ्याचे आकडे वापरू नकोस

कोल्हापूर,
१८ जुलै

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आधी मुद्द्याचं सांगतो. फेब्रुवारीत तुला जांभा आणि बॉक्साइटमधल्या मूलद्रव्यांचा जो तक्ता पाठवला, त्यातले लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतचे, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे, आकडे वापरू नकोस. बेरियम, स्ट्रॉन्शियम, शिसं, थोरियम, युरेनियम यांच्यावरही काट मार. चूक सर्वस्वी माझी. बेसाल्टचा, म्हणजे काळ्या दगडाचा, तक्ता शाबूत आहे, तो खुशाल घे.

झालं असं. उघड्या टेफ्लॉनच्या भांड्यात दगड आम्लात विरघळवला की झिरकॉन (झिर्कोनियमचं हट्टी खनिज) तळाशी तसाच बसतो आणि झिर्कोनियम, हॅफ्नियम कमी येतात, ही तुझीच जुनी तक्रार. म्हणून यंदा बॉम्ब वापरला: पोलादी कवचात टेफ्लॉनचा डबा, त्यात ५० मिलिग्रॅम दगडाची पूड, हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल, आणि ओव्हनमध्ये १९० अंशांवर दोन दिवस. ("बॉम्ब लावून आलोय, उद्या उघडतो" असं घरी बोललो, तर तुझ्या वहिनीनं आधी खिडकी लावून घेतली. शेजारी ऐकतील म्हणून.) झिर्कोनियमचे आकडे इतके झकास आले की मी हुरळून गेलो.

सेंट्रिफ्यूजच्या (गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्राच्या) नळीत तळाशी पांढरी कड होती, दुधाच्या पातेल्याला राहते तशी. ‘सिलिका असेल’ म्हणून वरचं नितळ पाणी काढलं आणि कड टाकून दिली. गाढवपणा बघ! सिलिका असती तर हायड्रोफ्लोरिकनं तिचा टेट्राफ्लोराइड वायू करून केव्हाच उडवली असती. ती कड होती ॲल्युमिनियम फ्लोराइडची, आणि तिनं सगळी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं पोटात घेतली होती. झिर्कोनियम, नायोबियम यांसारखी मोजकी मूलद्रव्यं तेवढी द्रावणात राहतात, आणि मी खूश होतो तो नेमका त्यांच्यावर.

तू विचारशील, प्रमाण नमुना (ज्याचे खरे आकडे आधीच ठाऊक असतात असा दगड) लावला नव्हतास का? लावला होता की. बीएचव्हीओ-२, हवाईतल्या हालेमाउमाउमधून १९१९ साली उतू आलेला लाव्हा. तो अगदी बरोबर आला, आणि तिथंच फसलो. बंद डब्यात हे पांढरं फ्लोराइड कधी बनतं, तर ॲल्युमिनियमच्या मानानं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी असलं की. अणूंच्या हिशोबात दोघांची बेरीज ॲल्युमिनियमपेक्षा जास्त असेल तर ते बनत नाही. हवाईच्या दगडात, ऑक्साइडच्या रूपात मोजलं तर, ॲल्युमिना साडेतेरा टक्के, चुना (म्हणजे कॅल्शियमचा) साडेअकराच्या आसपास, मॅग्नेशिया सव्वासात. अणूंच्या हिशोबात गुणोत्तर जवळजवळ दीड. आपल्या पन्हाळ्याखालच्या काळ्या दगडालाही म्हणूनच काही झालं नाही.

पण मसाई पठारावरचा जांभा आणि दुर्गमानवाडकडचा बॉक्साइट घे. मुळात तोच काळा दगड, पण लाखो वर्षांच्या पावसानं त्यातला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेलंय. मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणजे त्या ॲल्युमिनियमला आवर घालणारं डब्यात कुणी उरलंच नाही. आत्ता इथं आठ दिवस झड लागलीय, पंचगंगा पात्राबाहेर आलीय, आणि खिडकीतून बघताना मला सारखं तेच दिसतंय. दगड बदलला की प्रमाण नमुनाही बदलायला हवा, हे आपण पोरांना दरवर्षी सांगतो, भावा.

आर्सेनिकचा रकाना मी रिकामा ठेवला म्हणून तू चिडवलं होतंस. तो मात्र शहाणपणा होता. हायड्रोफ्लोरिक सुकवताना आर्सेनिक आणि बोरॉन फ्लोराइड होऊन धुरांड्यातून निघून जातात, आणि परक्लोरिक आम्लाच्या वाफेत क्रोमियमही क्रोमिल क्लोराइड बनून जाऊ शकतं. तिथं निदान आधीपासून संशय असतो.

उपाय सापडलाय, आणि तो नवा नाही. जपानी मंडळींनी २००१ मध्येच छापलाय. डबा बंद करण्याआधी मोजून मॅग्नेशियमचं शुद्ध द्रावण घालायचं, म्हणजे पावसानं नेलेलं आपण परत द्यायचं. मग ते हट्टी फ्लोराइड बनत नाही. जे बनतं ते परक्लोरिकमध्ये आटवलं की विरघळतं. मागच्या आठवड्यात तीन नमुन्यांवर करून पाहिलं. नळीचा तळ स्वच्छ, आणि लँथॅनम चांगलंच वर आलं. कोऱ्या चाचणीत (दगड न घालता केलेल्या) मॅग्नेशियमबरोबर काय काय आत येतं, ते अजून तपासतोय.

आता काम तुझ्याकडे. आधीचा गाळ टाकून दिलाय, आणि सात व अकरा नंबरच्या नमुन्यांची माझ्याकडची पूड संपली. दिवाळीत तू निम्मी निम्मी नेली होतीस. डबीच्या तळाशी चमचाभर असेल तरी पुरे. एसटी पार्सलनं पाठव, झाकणाला चिकटपट्टी लाव, आणि हात जोडून सांगतो, बारीक करायला म्हणून तुमच्या त्या टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत पुन्हा घालू नकोस. आहे तशी पाठव.

तुझा,
बाळ्या