मुचलक्यांच्या दहशतीला काटकसर म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्यावरचा लेख दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा चिडलो. राजा हिशेबवह्यांच्या पानापानावर स्वतः सही करायचा, म्हणून तो काटकसरी आणि शहाणा! सह्या खऱ्याच आहेत. पण त्या वह्यांत जमा काय होत होतं, ते लेखकाने का सांगितलं नाही?

जकात वाढवली, राजघराण्याच्या जमिनींचा वसूल नीट बसवला, याबद्दल माझी तक्रार नाही. पण सरदार-व्यापाऱ्यांकडून मुचलके लिहून घेण्याचा जो सपाटा एम्पसन आणि डडली या त्याच्या कारभाऱ्यांनी लावला, त्याला अख्ख्या लेखात एकच ओळ? १५०७ साली लॉर्ड बर्गाव्हेनीला ७०,६५० पौंड दंड ठोठावला. ४७१ माणसं बेकायदा पदरी ठेवली, माणशी महिना ५ पौंड, ३० महिने. एवढी रक्कम तो देऊ शकणार नाही, हे राजाला ठाऊक होतं. शेवटी ५,००० पौंड ठरले, तेही दहा वर्षांच्या हप्त्यांनी, आणि परवानगीशिवाय केंट परगण्यात पाऊल टाकायचं नाही. माणूस कायमचा मुठीत.

असं मुठीत असणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९९१ मध्ये एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो. पतपेढीचं नाव लिहीत नाही. त्याचे हप्ते थकले आणि रजिस्टर पत्रं माझ्या दारी येऊ लागली. पोस्टमनची सायकल फाटकाशी थांबली की आई हातातलं निवडणं टाकून आत जायची. मी पोचपावतीवर सही करायचो, पाकीट मात्र रात्री ती झोपल्यावर फोडायचो. पगारातून रक्कम कापली गेली ती अकरा महिनेच. पण ती सायकल थांबल्याचा आवाज आई जाईपर्यंत आमच्या घरात राहिला. कागदावरच्या एका सहीने माणूस किती लहान होतो, हे लेखकाला कुणीतरी सांगायला हवं.

राजा १५०९ मध्ये वारला. डडलीने लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत बसून अन्याय झालेल्यांची यादी केली, ऐंशीहून जास्त प्रकरणं. पुढच्या वर्षी त्याचं आणि एम्पसनचं डोकं उडवलं. त्या यादीतला एकही माणूस लेखात नाही.

आणखी एक. लेखासोबत छापलेलं चित्र मुलाचं, म्हणजे आठव्या हेन्रीचं आहे. वडिलांचं १५०५ सालचं चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे: सडपातळ चेहरा, मिटलेले पातळ ओठ, हातात तांबडा गुलाब. येत्या रविवारी ते छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा