मावशी, शाळेच्या ताटात गावचं शेत आणलंत

मावशी, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "काय बाई, उगाच" म्हणत पातेल्याकडे वळता. म्हणून हे लिहून मानतेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं मानतेय. जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांमधून तुमच्यासारख्या बायका रोज पोरांसाठी रांधतात. कागदावर त्यांचं पद 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. त्या पदात काय काय मावतं हे तुम्ही करून दाखवलंत, ते लोकांना कळायला हवं.

शालेय पोषण आहाराचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला ते हिशोबाचं काम वाटलं होतं. तांदळाची पोती मोजून घ्यायची, साठा नोंदवही लिहायची, चव रजिस्टरवर सही करायची. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. तांदूळ सरकारी गोदामातून येतो, डाळ-तेल-मसाला पुरवठादाराकडून. भाजी तेवढी शाळेने जवळपास घ्यायची. म्हणजे त्या सगळ्या कोष्टकात गावाच्या हातात असलेली गोष्ट एकच, भाजी. आणि तीच आपण आठवडी बाजारातून आणत होतो. बटाटा, कांदा, कोबी. टिकतात आणि चिरायला सोप्या, म्हणून.

"गाडीभाडं देऊन बटाटा आणायचा आणि आपलं डांगर बांधावर सडू द्यायचं, हे कुठलं गणित, बाई?" तुमचा हा प्रश्न मी मुख्याध्यापकांपुढे ठेवला, मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही ठेवला. उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग तुम्ही स्वतःच कामाला लागलात. कुणाच्या वाफ्यात मेथी उतरलीय, कुणाच्या कुंपणावर वालाचा वेल लगडलाय, कुणाच्या दारातला शेवगा नुसता उंच वाढलाय, हे तुम्हाला तोंडपाठ होतं. आठवड्याची भाजी ठरवताना माझ्याकडे वही असायची, माहिती सगळी तुमच्याकडे.

तेव्हा एका गोष्टीवर तुम्ही अडून बसलात, आणि मला वाटतं सगळं टिकलं ते त्यामुळेच. समितीतले एकदोघं म्हणाले, गावाचीच पोरं आहेत, लोक भाजी फुकट देतील. तुम्ही म्हणालात, "फुकट मागितलं तर दोनदा मिळेल, तिसऱ्यांदा लोक दार लावून घेतील." तिथीभोजनाला, म्हणजे कुणी खास दिवशी शाळेला जेवण देतं तेव्हा, किंवा वाढदिवसाला कुणी आपणहून दिलं तर आनंदाने घ्यावं, पण रोजच्या भाजीचे पैसे भाजीपाल्याच्या अनुदानातून शेतकऱ्यालाच मिळाले पाहिजेत, हा तुमचा आग्रह. जे पैसे बाजारात जात होते ते वस्तीवर राहू लागले. दोन गुंठ्यांत भाजी करणाऱ्या बायकांना शाळा हे हक्काचं गिऱ्हाईक झालं. अनुदान उशिरा आलं की तुम्ही मला पुढे करायचात आणि मी त्यांची समजूत काढायचे. हे काम अवघड होतं, पण भाजी कधी थांबली नाही.

फळ्याची कल्पनाही तुमचीच. स्वयंपाकघराच्या दाराशी रोज लिहायचं: आजची भाजी कोणती, आणि कुणाच्या शेतातली. चौथीतला एक मुलगा, जो वर्गात मान वर करत नसे, त्याच्या आईच्या वालाच्या शेंगा होत्या त्या दिवशी. जेवताना तो पंगतीत प्रत्येकाला विचारत फिरला, आवडली का? दुसऱ्या दिवशी त्याने वर्गाला समजावून सांगितलं की वालाला थंडी लागते, ढगाळ हवा पडली की मावा येतो आणि मग आई राखेचा शिपका मारते. मी मराठीच्या तासाला त्याला बोलतं करायचा पुष्कळ प्रयत्न केला होता. तुमच्या फळ्यावरच्या एका ओळीने ते झालं.

आता शेवग्याच्या पाल्याविषयी. मुलांना तुम्ही शिकवलंत ते मी लांबून पाहत होते आणि मनात टिपून घेत होते. नखं कापलेली, केस बांधलेले, हात साबणाने धुतलेले, हे आधी. चुलीच्या आणि गॅसच्या रेषेपलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही, हेही आधी. मग सतरंजीवर गोल बसवून प्रत्येकाच्या हातात एकेक डहाळी. देठाचं टोक एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून ते सरकन ओढायचं, पानं मुठीत उरतात. काडी राहिली तर घशात टोचते, म्हणून पुन्हा सुपात पसरून निवडायचं. पाणी बदलत बदलत धुवायचं, तळाला मातीचा कण दिसेनासा होईपर्यंत. आणि डाळ शिजून घोटून झाल्यावरच पाला टाकायचा, दोन उकळ्या, की उतरवायचं. "लई शिजवला की पाला काळा पडतो आणि पोरं ताटाच्या कडेला सारतात." वरून लिंबू पिळायचं ते पातेलं खाली उतरल्यावर.

विज्ञानाच्या तासाला मी तेच पुस्तकाच्या भाषेत सांगितलं. पाल्यात लोह आहे, पण वनस्पतींमधलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं की जास्त शोषलं जातं, आणि उष्णतेने ते जीवनसत्त्व कमी होतं म्हणून लिंबू शेवटी. एक मुलगी लगेच म्हणाली, "मावशींनी हे आधीच करून दाखवलंय." खरंच दाखवलं होतं.

गणितही तुमच्या दारात झालं. पन्नास ग्रॅमप्रमाणे आजच्या हजेरीला किती किलो भाजी? निवडून, देठं काढून किती उरली? मग विकत किती घ्यायची? तिसरी-चौथीची मुलं काट्यावर वजन करून हे काढू लागली. अपूर्णांकाला घाबरणारी मुलं पाव किलो, अर्धा किलो सहज बोलतात, हे मला कळायला तुमचा काटा लागला.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. शाळांमधून घोषणा झाल्या, चित्रं काढली गेली. तुम्ही नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी आंबील केलंत. गुठळी होऊ नये म्हणून आधणात पीठ ओतताना एका दिशेने ढवळत राहायचं, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. पोरांच्या डब्यात नागलीची भाकरी असली की ती झाकून खायची आमच्याकडे सवय होती. बिस्किटाचा पुडा मात्र सगळ्यांना दाखवून फोडला जायचा. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकंही नाही, हे मी सांगितलं होतंच. पण मुलांनी भाकरी उघडी ठेवून खायला सुरुवात केली ती शाळेतल्या पातेल्यात नागली शिजल्यानंतर.

एका पालकांनी हरकत घेतली होती, आठवतं? "पोरगा काय भाजी निवडायला शाळेत येतो का?" तुम्ही वाद घातला नाहीत. त्यांना पंगतीत बसवून वाढलंत. मला मात्र त्यांना सांगायचं होतं की 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाच विचार मांडला होता, हाताच्या कामातून शिक्षण. पुढे सेवाग्रामला त्यांच्या 'नयी तालीम' या शिक्षणपद्धतीत शेती, स्वयंपाक, सफाई हे अभ्यासाचेच भाग होते. मुलगा असो की मुलगी, आपलं अन्न कुठून येतं आणि कसं शिजतं हे ज्याला येत नाही त्याचं शिक्षण अपुरं आहे, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या सतरंजीवर मुलगे आणि मुली एकाच रांगेत बसले, याबद्दल तुमचे वेगळे आभार.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 ची पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा फोटो मी वर्गात दाखवला तेव्हा मुलं म्हणाली, आपल्या मावशीकडे पण राखेत ठेवलेलं बी आहे. शाळेच्या परसबागेतल्या वाफ्यांमध्ये लावलेलं डांगर आणि घेवडा त्याच बियाण्याचा. हात धुण्याचं पाणी केळीला वळवायची चरही तुम्हीच खणून घेतलीत.

या सगळ्यासाठी तुम्ही वेळेआधी येता, उशिरा जाता. मानधन तेवढंच, आणि तेही वेळेवर मिळत नाही. हे बरोबर नाही, आणि आभार मानून ते बरोबर होत नाही, हे मला कळतं. समितीच्या ठरावात मी तुमच्या जादा तासांची नोंद करून घेतली आहे आणि ती वरपर्यंत पाठवत राहणार आहे.

शेजारच्या वाडीतल्या शाळेच्या स्वयंपाकीण ताई येत्या शनिवारी तुमच्याकडून आंबील शिकायला येणार आहेत. त्यांच्या बाईंनी मला विचारलं, हे सगळं कुणी सुरू केलं. मी तुमचं नाव सांगितलं. ताईही तुम्हाला विचारतील. तेव्हा "बाईंनी केलं" असं सांगू नका. त्यांना घेवड्याचं थोडं बी द्यायला विसरू नका, त्यांच्याकडे कुंपण चांगलं आहे.

मनापासून आभार, मावशी.

तुमच्या शाळेतली,
बाई