उद्देशिकेत देवाचे नाव का नाही?

महोदय,

‘धर्म बाजूला ठेवला, तर मुलांना मूल्ये शिकवणार कशाच्या आधारावर?’ शिक्षिका असताना पालकसभांत हा प्रश्न मी अनेकदा ऐकला. विचारणारे कळकळीने विचारत. त्याचे उत्तर मला दोन जुन्या चर्चांत सापडते.

१९४८ साली पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर खल चालू असताना, माणूस ईश्वराच्या प्रतिमेनुसार घडला आहे असा उल्लेख पहिल्या कलमात यावा, असे ब्राझीलने सुचवले. चीनचे पेंग-चुन चांग यांनी हरकत घेतली. आमची लोकसंख्या एवढी मोठी, परंपराही वेगळ्या. तरी त्या मसुद्यात घाला असा हट्ट आम्ही धरला नाही, इतरांनीही तेवढे भान ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते. ब्राझीलने सूचना मागे घेतली. (याच कलमातले ‘ऑल मेन’ हे शब्द जाऊन तिथे ‘सर्व मानव’ आले, ते आपल्या हंसा मेहतांच्या आग्रहामुळे. त्या मुंबई प्रांतातून घटना समितीवर गेल्या होत्या.)

पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबरला, दिल्लीत आपल्या घटना समितीपुढे तोच पेच पडला. राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी, अशी दुरुस्ती मध्य प्रांत-वऱ्हाडचे ह. वि. कामत यांनी मांडली. देवाला मताला टाकू नका, असे समितीच्या सदस्य पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनवले. श्रद्धेचे स्वातंत्र्य देणाऱ्या मजकुरातच सर्वांवर एक श्रद्धा कशी लादता येईल, हा दुसरे सदस्य पंडित कुंझरू यांचा मुद्दा. कामत मागे हटले नाहीत. मतदान झाले : बाजूने ४१, विरोधात ६८.

हे ६८ जण नास्तिक होते असे कुणी समजू नये. शपथ ‘ईश्वरसाक्ष’ घेण्याची मुभा त्याच घटनेत आहे. मला मनापासून वाटते, की देवाचे नाव गाळले म्हणूनच वारकरी, नमाजी आणि देव न मानणारा हे तिघेही ‘आम्ही, भारताचे लोक’ एका सुरात म्हणू शकतात. ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे उद्देशिकेतलेच शब्द. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाला २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने संरक्षण मिळते, तेव्हा त्याची जात किंवा देव कोणता, हे कुणी विचारत नाही. धर्माच्या नावाखाली वाळीत टाकले असले, तरी तो गुन्हाच ठरतो.

परिपाठात मुले उद्देशिका तोंडपाठ म्हणतात, पण या दोन चर्चा त्यांना कुणी सांगत नाही. १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनी शाळांनी भाषणांऐवजी या चर्चा वर्गात वाचून दाखवाव्यात. कामतांची बाजूसुद्धा.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा