मला दिसलं होतं, सायले

हिरावाडी, नाशिक
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय सायले,

दिवाळीत तुझं पत्र आलं आणि उत्तर आत्ता लिहितेय. रागावली असशील तर रागाव. फोनवर चारदा लिहायला घेतलं, चारदा पुसलं. तिथे दोन ओळींत आटपता येतं, आणि ही गोष्ट दोन ओळींत सांगितली की मी उगीच चांगली ठरते. म्हणून फिजिक्सच्या जर्नलची मागची पानं फाडलीत.

घरी सगळे ठीक. आजीचे गुडघे तसेच, माझा घोटा बरा. थंडी कडाक्याची, आणि सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत.

नेटबॉलच्या जिल्हा संघात माझी निवड झाली. राज्य स्पर्धेला जायचंय, गोल मारायला, गोल अटॅक म्हणून. आत्ता ओरडली असशील तर थांब, पुढचं वाच. बाराजणींत रुचाचं नाव नाही.

चाचणी आपल्याच कोर्टावर होती. शेवटचा क्वार्टर. सर कडेला वहीत शूटर मुलींचे नेम मांडत होते. माझं नाव जवळजवळ पक्कं होतं, हे मला कळत होतं. ठरायचं होतं ते रुचा आणि सिन्नरची ती उंच मुलगी यांच्यात. रुचाचा नेम छान लागत होता, पण तिच्यापर्यंत बॉलच कमी पोचत होता. तेवढ्यात रिंगसमोरच्या सर्कलच्या अगदी कडेला मला बॉल मिळाला. उजव्या पायावर उतरले, वळले. डिफेंडर तीन फुटांवर हात वर करून उभी. आत रुचा. कीपर तिच्या पुढ्यात, मागची सगळी जागा मोकळी. आणि रुचाने मांडीवर दोनदा थाप मारली.

‘उंच टाक, मागे घेते.’ ही खूण आपल्या तिघींशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून हे पत्र तुला.

मी पास दिला नाही. सोळा फुटांवरून स्वतःच मारला. गेला. टाळ्या वाजल्या, सरांनी मान हलवली. नियमात काहीच चुकलं नाही, गोल अटॅकने मारायचाच असतो. का मारला ते सांगते, तू कुणाला सांगू नकोस. पायऱ्यांवर तो बसला होता.

तो म्हणजे बास्केटबॉलवाला. तुला मागे सांगितलेला. पहिल्याच भेटीत म्हणाला होता, “नेटबॉल म्हणजे बोर्ड नसलेला बास्केटबॉल ना?” मी मुंबई नाक्यापर्यंत त्याला नियम सांगत आले. बॉल तीन सेकंदांवर हातात ठेवता येत नाही, ड्रिबल नाही, रिंग तशीच १० फुटांवर पण मागे आधाराला काही नाही, सात जणींतल्या दोघीच गोल मारू शकतात. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, “मग सेंटरची मुलगी सर्कलमध्ये का जात नाही?” तेव्हापासून मला तो आवडतो, सायले. नुसता टाइमपास नाही. सोमेश्वरला येतेस का म्हणाला होता, रविवारी सकाळी. मी म्हटलं, सकाळी प्रॅक्टिस असते. तो म्हणाला, मग दुपारी. भांडला नाही.

मॅचनंतर गेटवर चहा पिताना तोच म्हणाला, “तुझी मैत्रीण मांडीवर थाप मारून काहीतरी सांगत होती ना? तू बघितलंस की तिच्याकडे.” खेळ शिकून त्याला दोन महिनेही झाले नाहीत, आणि त्याने नेमकं तेच बघावं! मी चहा अर्धा टाकून निघून आले. आठ दिवस त्याच्या मेसेजला उत्तर दिलेलं नाही. त्याचा काय दोष? पण त्याचं नाव स्क्रीनवर आलं की तेच वाक्य ऐकू येतं.

कारण त्याच्या आधी रुचाने विचारलं होतं. “मी खूण केली, दिसली नाही का?” आणि मी म्हणाले, “नाही गं, डिफेंडर मध्ये होती.” ती म्हणाली, “हो का, ठीक आहे.” जर्सीवरचा बिब काढला आणि नीट घडी करून बॅगेत ठेवला. रुचाने घडी केली, सायले!

यादी वाचून झाल्यावर सरांनी पुन्हा कविता राऊत सांगितली. २०१० ची दिल्ली, १०,००० मीटर, सावरपाड्याच्या मुलीचं ब्राँझ, आणि त्याच राष्ट्रकुल स्पर्धेत आपला नेटबॉलचा संघही खेळला होता. तुला पाठ आहे. दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो. यावेळी मी रुचाच्या बुटांकडे बघत होते.

नववीतलं आपलं भांडण आठवतंय? तू सेंटर, रेषेवर थांबायचीस, आत पाय टाकायची मुभा नाही, म्हणून आतलं सगळं तुलाच दिसायचं. तू म्हणालीस, “मने, तुला रिंग दिसली की माणसं दिसत नाहीत.” मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते, तुझा डबाही खाल्ला नव्हता, आणि त्यात काकूंची पुरणपोळी होती. आता वाटतं, तू म्हणालीस तसं असतं तर बरं झालं असतं. मला माणूस दिसला होता.

नाव मागे घ्यावं असं एकदा मनात आलं. पण मला जायचंय. सहावीपासून पहाटे उठतेय ते याचसाठी, आणि मी गेले नाही म्हणून रुचाची निवड होईलच असं कुठे आहे? तो पास दिला असता तरी झाली असती का, कोण जाणे. पण तिला तो बॉल मिळायला हवा होता.

सगळ्यात वाईट म्हणजे ती रोज येते. सकाळी सहाला, कानटोपी घालून. माझी प्रॅक्टिस व्हावी म्हणून रिंगखाली उभी राहून बॉल परत फेकते. काल शंभर शॉट मारले. शंभर वेळा तिने बॉल माझ्या हातात दिला.

तुझी ‘नीट’ची तयारी कशी चाललीय? रूममेट अजून घोरते का? तर्री पोहे आपल्या मिसळीपेक्षा भारी असं लिहिलंयस, ते मी रुचाला वाचून दाखवलेलं नाही, नाहीतर ती तुझं तोंड बघणार नाही. काका-काकूंना नमस्कार.

हे पत्र नागपूरला पोचायला चार-पाच दिवस लागतील. तुझ्या उत्तराची वाट बघायची असं ठरवून बसले होते, पण तेवढे दिवस ती मला बॉल देत राहणार. उद्या सहाला, पहिल्या शॉटच्या आधी सांगते. त्यानंतर ती बॉल परत देईल की घरी जाईल, माहीत नाही. त्याला मात्र आत्ताच कळवते, की त्याने बघितलं ते बरोबर होतं.

मी सांगेपर्यंत रुचाला फोन करू नकोस. सांगितल्यावर मात्र कर. तिला तू हवी असशील.

तुझी,
मनू

ता. क. तुझा सेंटरचा, ‘सी’चा बिब माझ्याच कपाटात आहे. धुतलेला नाही.