शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: मुले 'क्ष + ३' का लिहितात?

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

सहावी-सातवीच्या गणित शिक्षकांना पाच दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रत्येक वर्गाला साहित्याची पेटी, असा शब्द होता. मिळाला तासाभराचा व्हिडिओ. पेटी आलीच नाही. आणि गेल्या आठवड्यात खुलासा मात्र आमच्याकडे मागितला: सारणीवरून राशी, म्हणजे क्ष वापरून केलेली मांडणी, लिहिताना मुले का चुकतात?

खुलासा असा. काड्यांचे चौकोन एकमेकांना जोडून मांडले की एकाला ४ काड्या लागतात, दोनांना ७, तिनांना १०. मूल सारणी वरून खाली वाचते, "तीन-तीन वाढतात" म्हणते आणि लिहिते क्ष + ३ (क्ष म्हणजे चौकोन किती ते). पहिल्या ओळीत ते जुळतेही: १ + ३ = ४. दुसरीत २ + ३ म्हणजे ५, आणि काड्या तर ७. पण दुसरी ओळ ताडून बघायची सवयच कोणी लावलेली नसते.

सवय लावता येते. पहिली उभी काडी ठेवून हात थांबवायचा. मग प्रत्येक चौकोनाला तीनच काड्या. सारणीत मधला रकाना आखून घ्यायचा: १ + ३×१, १ + ३×२, १ + ३×३. बेरीज लगेच करू द्यायची नाही. ती केली की रचना दिसेनाशी होते. कोणता आकडा जागचा हलत नाही, कोणता बदलतो, ते मुलाने बोट ठेवून दाखवायचे. नंतर मधल्या ओळी गाळायच्या: १, २, ५, १०, १००. शंभरापर्यंत तीन-तीन मिळवत बसवत नाही, तेव्हा कुठे नजर आडवी फिरते आणि ३०१ येतात. क्ष त्यानंतर. कोणी ४ + ३(क्ष − १) लिहिले तर खोडू नये. तेही बरोबर आहे, त्याने पहिला चौकोन अख्खा मोजला एवढेच. तुमच्याकडून आलेल्या सराव-पत्रिकेत ३क्ष + १ आयते छापले आहे आणि विचारले काय, तर क्ष = ५ घेऊन किंमत काढा. मुलाने शोधायचे ते तुम्हीच सांगून टाकलेत!

त्यात भाषा. इंदुरात रामबागेतल्या मराठी घरातले मूल हिंदी शाळेत क्षसाठी 'चर' हा शब्द ऐकते. त्याच्या घरी चर म्हणजे खणलेला खड्डा. 'बदलणारी संख्या' एवढे आधी म्हटले तरी पुष्कळ सोपे होते, पण हे सांगणार कोण? आणि कधी?

वर्गात साठच्या वर मुले, तासिका चाळीस मिनिटांची. एकेकाच्या वाट्याला चाळीस सेकंदही येत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हे त्यातच लिहिले आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नये, हे कलम २७ सांगते. तरी सर्वेक्षणे आम्ही करायची, याद्या आम्ही भरायच्या, ॲपवर फोटो आम्ही चढवायचे, आणि निकाल घसरला की मान आमचीच धरायची. सगळी यंत्रणा कागद मागते. वही उघडून मुलाने काय लिहिले ते कोणी बघत नाही.

पेटी राहू द्या. खराट्याच्या काड्या सारख्या तोडून आम्ही काम भागवतो. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा, खुलाशाचे पत्र मागे घ्या, आणि प्रश्नपत्रिकेत 'कसे आले ते लिहा' या रकान्याला गुण ठेवा.

आपले,
इंदूरचे काही गणित शिक्षक