बेडकाची कातडी

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आईनं विचारलं, "आज काय केलंस?" मी म्हटलं, "बेडूक बघून आले." त्यावर बाबा जे हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले, मग आई त्यांना पाणी द्यायला उठली आणि फोन कट झाला. म्हणून आता सविस्तर लिहिते. आईच्या डोळ्याला अजून ताण नको, तेव्हा बाबा, तुम्हीच वाचून दाखवा. मधे एक परिच्छेद मनातल्या मनात वाचण्यासारखा आहे, तिथे आले की सांगीन.

हा बेडूक साडेचार कोटी वर्षांपूर्वी मेला. इथे जर्मनीत हाले विद्यापीठाच्या संग्रहात आहे तो. आईच्या मुठीत मावेल एवढाच. तपकिरी कोळशाच्या रंगावर बारीक बारीक हाडं, मागचे पाय दुमडलेले, आणि हाडांच्या भोवतीनं अंगाच्या आकाराची गडद सावली. मला वाटलं, डाग असेल, तेलकट वस्तू कागदावर ठेवल्यावर पडतो तसा. पण तो डाग नाही. ती त्याची कातडी आहे.

तुम्हाला मागच्या वर्षी व्हिडिओवर ते मोठं तळं दाखवलं होतं ना, काठाच्या उतारावर द्राक्षांचे मळे असलेलं? मी राहते त्या मेर्झेबुर्गपासून सायकलनं तासाभरावर. त्याचं नाव गाइझलटालझे, म्हणजे गाइझलटाल खोऱ्यातलं तळं. तळं म्हणून बघितलं तर वय फार कमी, 2003 ला पाणी सोडायला लागले आणि 2011 ला भरलं. जर्मनीतलं सगळ्यात मोठं कृत्रिम तळं आहे म्हणतात. त्याआधी तिथे कोळशाच्या उघड्या खाणी होत्या, 1993 पर्यंत चालू. आणि त्या कोळशात, कोळसा व्हायच्या आधीच्या दलदलीत, हा बेडूक, मगरी, कासवं, मांजराएवढे-कुत्र्याएवढे घोडे, किडे, पानं. 1925 पासून खोदून काढलेले 50,000 हून जास्त नमुने आहेत. आम्ही उन्हाळ्यात ज्यात पोहतो त्या पाण्याखाली हे सगळं होतं.

आता बाबा, ही गोष्ट खास तुमच्यासाठी. ओला तपकिरी कोळसा सुकला की तडकतो. त्यात सापडलेला बेडूक तसाच उचलून आणला तर घरी येईस्तोवर भुगा. मग 1930 च्या दशकात इथल्या लोकांनी युक्ती काढली. एरहार्ड फोइग्ट हा त्यातला मुख्य. नमुन्यावर पातळ लॅकर ओतायचं, सुकू द्यायचं, आणि मग तो पापुद्रा सोलून काढायचा. बेडूक त्या पापुद्र्याला चिकटून वर येतो. तुम्ही पाटी रंगवून झाली की वार्निशचा डबा उघडा ठेवायचात आणि तोंडावर साय धरायची, ती मी काडीनं उचलायचे, तशी साय. किंवा शाळेत आम्ही तळहाताला फेव्हिकॉल फासून वाळला की सोलायचो, त्यावर हाताच्या रेषा न् रेषा उमटायच्या. आईनं त्यावरून मारलंही आहे, फेव्हिकॉल काय फुकट येतो का म्हणून. तर त्याच खेळातून इथे विज्ञान झालं. आणि तो पापुद्रा आरपार दिसणारा असल्यामुळे फोइग्टनं थेट सूक्ष्मदर्शकाखाली धरला. 1935 साली त्यानं छापलं की बेडकाच्या कातडीतल्या पेशी दिसतात, पेशीतलं केंद्रकसुद्धा दिसतं.

हाडं टिकतात, ते समजतं. पण कातडी? मेलेला उंदीर आपल्या माळ्यावर किती दिवस टिकला होता आठवतं ना. त्यातून दलदलीचं पाणी आंबट असतं, त्यात हाडंसुद्धा विरघळून जायला हवीत. तशी ती बहुतेक कोळशाच्या खाणींत विरघळलेलीच असतात. इथे वाचली त्याचं कारण आजूबाजूचे चुनखडीचे डोंगर. तिकडून येणारं पाणी चुन्याचं, त्यानं दलदलीचा आंबटपणा मारला. माझ्या किटलीच्या बुडाला पांढरा थर बसतो आणि मी दर महिन्याला व्हिनेगर उकळत बसते, तेच नातं, फक्त उलट्या बाजूनं.

कातडीचं कोडं मात्र जवळजवळ शंभर वर्षं सुटलं नव्हतं. अलीकडे आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठातल्या डॅनियल फाल्क आणि मारिया मॅकनमारा यांच्या गटानं हे जुने नमुने पुन्हा काढले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातले, क्ष-किरणांनी तपासले. तेव्हा कळलं की कातडीची जागा कॅल्शियम फॉस्फेटनं घेतली आहे. म्हणजे आपली हाडं ज्याची असतात साधारण तेच. कुजणं आणि खनिज बसणं यांची शर्यत लागली आणि खनिज आधी पोचलं. कातडीला बळकटी देणारे कोलॅजेनचे धागेसुद्धा जसेच्या तसे उतरलेत. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की नवीन काही खोदलंच नाही. नव्वद वर्षं कपाटात पडलेल्या वस्तूकडे कुणीतरी परत नीट बघितलं. (बाबा, याचा अर्थ तुम्ही तुमचे जुने ब्रशचे डबे ठेवावेत असा काढू नका. आईला दिलेला शब्द पाळा.)

त्या कातडीवरून अजून एक कळतं. तिच्या रचनेत अंगातलं पाणी उडून जाऊ नये अशी सोय दिसते. म्हणजे हे बेडूक सतत पाण्यात बसणारे नव्हते, बहुतेक वेळ जमिनीवर काढणारे होते.

मग जमिनीवरचे बेडूक त्या काळच्या तळ्यात एवढ्या संख्येनं मेले कसे?

बाबा, हा तो परिच्छेद. नाहीतर वाचाच मोठ्यानं, आई आपल्या दोघांपेक्षा निर्लज्ज आहे. याच लोकांनी 2022 मध्ये 168 बेडकांचे सांगाडे तपासले. हाडं धडधाकट, आजार नाही. कुणी खाल्ल्याच्या खुणा नाहीत. पुरात वाहून आलेले नाहीत, तळं आटल्याचाही पुरावा नाही. एकेक शक्यता खोडत गेल्यावर एकच उरली: हे सगळे जोडी जमवायला पाण्यात आले आणि त्या धांदलीत मेले, दमून किंवा बुडून. आजच्या कित्येक जातींतही असं होतं, आणि त्यात माद्या जास्त जातात, कारण नर वर असतो आणि ती पाण्याखाली. आई, तुझ्या माहेरच्या खाचरात मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर ते पिवळेधमक नर जमायचे ना, रात्रभर कोणाला झोपू द्यायचे नाहीत? आणि सकाळी तू आम्हाला तिकडे फिरकू द्यायची नाहीस, "तिथे काही बघण्यासारखं नाही" म्हणायचीस. होतं की गं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब जाऊन बेडूकच बघायचे होते तर इथे काय कमी होते. खरंच कमी नव्हते. आपण वरळीला राहत होतो तेव्हा टेकडीच्या पोटात, लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळ्या पाटीच्या दगडात, याहूनही जुने बेडूक होते, सहा-साडेसहा कोटी वर्षांचे. जी. टी. क्लार्क नावाच्या इंजिनिअरनं मुंबईहून कळवलेल्या माहितीला जोडून रिचर्ड ओवेननं लंडनमध्ये 1847 साली त्यांचं वर्णन छापलं. डायनोसॉर हे नाव ज्यानं दिलं तोच ओवेन. त्यानं याला राना पुसिला म्हटलं, पुसिला म्हणजे इवलासा. पुढे 1930 मध्ये अमेरिकेतल्या नोबल नावाच्या संशोधकांनी त्याला इंडोबॅट्रेकस असं स्वतंत्र नाव दिलं, आणि त्यांना याचे भाऊबंद ऑस्ट्रेलियातल्या बेडकांमध्ये दिसले. ज्या टेकडीच्या बाजूनं मी रोज बस पकडायला पळायचे तिच्यात हे! कोणी सांगितलंच नाही. पण वरळीच्या त्या बेडकांची ओळख हाडांवरून. कातडी इथल्या बेडकाची बघितली आणि मला घरची आठवण आली, का ते सांगते.

मार्चमध्ये मी आले होते तेव्हा हॉस्पिटलमधून आईला घरी आणलं त्या दिवशी सलाइनची चिकटपट्टी काढताना तिच्या मनगटाचं सालटंच त्या पट्टीबरोबर निघालं. तिथल्या नर्स मुलीनं "वयानं होतं" म्हणून कापूस दाबला आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. आई काही बोलली नाही. मला मात्र इतके दिवस ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं. परवा संग्रहात तो लॅकरचा पापुद्रा उजेडाला धरून दाखवला, त्यात बेडकाची सावली होती, आणि माझा हात आपोआप स्वतःच्या मनगटावर गेला. व्हिडिओ कॉलवर तुमचे चेहरे दिसतात, आवाज येतो, आईच्या हाताचा तो कागदासारखा पातळ, गार स्पर्श तेवढा येत नाही.

असो. इथल्या ऑफिसातला एक मुलगा पुढच्या आठवड्यात पुण्याला जातोय, त्याच्याबरोबर क्रीमच्या दोन ट्यूब पाठवते आहे. मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतल्या आहेत, वास नसलेल्या आहेत, त्यामुळे आई, "यापेक्षा खोबरेल बरं" म्हणून शेजारी वाटून टाकू नकोस. लावायची पद्धत महत्त्वाची. अंघोळ झाल्यावर खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच लावायचं, म्हणजे ते पाणी आतच राहतं. हात, नडग्या, आणि मनगटाला दोनदा. गरम पाणी कमी कर. मला माहीत आहे तुला कढत लागतं, तरी कमी कर.

आणि पाठीला तिचा हात पोचत नाही. तिथे बाबा, तुम्ही लावा. रंग लावल्यासारखं घासू नका, हलक्या हातानं.

तुमची,
मनू

ता. क. ट्यूबचं झाकण दाबून फिरवायचं असतं, नुसतं फिरवलं तर उघडत नाही. आधीच सांगते, नाहीतर बाबा पकड आणतील.